हेडचे काम झाले, मग ऑइलचे प्रेशर का पडते?




या त्रैमासिकातील अभ्यास लेखासाठी या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. वाहनाचा. मेळघाटातील कामाबद्दल आपण वाचता तेव्हा औषधे, वह्या-पुस्तके, बियाणे, रुग्ण यांचा उल्लेख येतो. ही सर्व ने-आण एका जुन्या चार सिलेंडरच्या हलक्या ट्रकवर होते, आणि तो ट्रक चालतो तो आपल्या देणगीवर. सेमाडोह-हरिसालच्या पुढे पावसाळ्यात इंजिन बंद पडले, तर मागे झोपलेल्या बाळंतिणीला दुसरे वाहन लगेच मिळत नाही. म्हणून इंजिनाची प्रकृती हा आपल्या कामाचाच भाग आहे.

अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांमध्ये अनेकांकडे ट्रॅक्टर, मेटाडोर, ट्रक आहेत. त्यांच्याकडून वारंवार येणारा प्रश्न असा: "हेड उघडले, व्हॉल्व्ह घासले, नवे गॅस्केट टाकले. गाडीचा आवाज सुधारला, धूर गेला. पण इंजिन गरम झाले की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. इंजिन गेले का?" धर्मशास्त्राच्या पदविकेआधी मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला होता, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो. आपल्या केंद्रात गाडीकाम शिकणाऱ्या कोरकू मुलांसाठी केलेला धडाच येथे थोडा विस्ताराने देत आहे.

१. प्रेशर म्हणजे नेमके काय?

पहिली गोष्ट मनात पक्की करावी. ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही. तो ऑइल ढकलतो. पुढे वाट अरुंद असली की अडथळा होतो, आणि त्या अडथळ्यातून प्रेशर उभे राहते. शेतातील पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडते, अंगठा काढला की पायाशी पडते. मोटर तीच, विहीर तीच. फरक फक्त तोंडाच्या रुंदीचा.

इंजिनात हा अंगठा म्हणजे बेअरिंग आणि क्रँक यांमधली फट. ती साधारण ०.०५ ते ०.१ मिलीमीटरच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. अशा बारीक फटीतून निसटणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून थोड्याशा झिजेनेही काटा एकदम खाली येतो.

दुसरी गोष्ट ऑइलचा दाटपणा. सध्या डिझेल गाड्यांत सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंश तापमानाला जितके दाट असते, त्याच्या साधारण आठव्या भागाइतकेच १०० अंशांना उरते. म्हणून सकाळी थंड इंजिनावर काटा छान वर दिसतो आणि दुपारी घाट चढून आल्यावर तोच काटा तळाला जातो. थंड इंजिनाचे प्रेशर पाहून समाधान मानू नये. खरी परीक्षा गरम इंजिनाची.

आपल्याकडे मिस्त्री प्रेशर किलोमध्ये सांगतात. एक किलो म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा दाब, सुमारे १४ पौंड. प्रत्येक इंजिनाचा कमीत कमी आकडा त्याच्या पुस्तकात दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा. लाल दिव्याचा स्विच बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा परिस्थिती आधीच गंभीर झालेली असते.

२. वऱ्हाडात हेड का उघडावे लागते?

हे समजून घेतले तर प्रेशरचा निम्मा प्रश्न सुटतो, कारण ज्या दुखण्यामुळे हेड उघडले त्याच दुखण्याने बऱ्याचदा खालची बेअरिंगेही दुखावलेली असतात.

अकोल्याचा मे महिना आपणा सर्वांना ठाऊक आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अमरावती-अकोला महामार्ग आता गुळगुळीत आहे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. अशा रस्त्यावर गाडी एका लयीत पळते, समोरून वारा लागतो आणि इंजिनातील दोष झाकला जातो. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे किंवा सेमाडोहकडे वळले की चित्र बदलते. भरलेली गाडी, दुसरा गिअर, कमी वेग, वारा नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. त्या चढावर रेडिएटर कमजोर असेल तर इंजिन तापतेच.

रेडिएटर कमजोर का होतो? पूर्णेच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूंच्या बंधूंना त्याचे दुःख वेगळे सांगायला नको. जे पाणी पिण्याला चालत नाही, तेच पाणी आपण बोअरमधून काढून रेडिएटरमध्ये ओततो. क्षार आतल्या नळ्यांत आणि हेडच्या पोकळीत थरावर थर बसतात. उष्णता बाहेर जाईनाशी होते, हेड वाकडे होते, गॅस्केट फुटते, आणि पाणी ऑइलमध्ये शिरते.

ऑइलमध्ये पाणी मिसळले की त्याची मलई होते. ती मलई बेअरिंगवर टिकत नाही. गाडी तशीच दहा-वीस किलोमीटर चालवत गावापर्यंत आणली असेल, तर तेवढ्यात बेअरिंगचा मऊ थर खरवडला जातो. मग मिस्त्री हेड दुरुस्त करतो आणि खालच्या भागाकडे कोणी पाहत नाही. वर नवा जोर, खाली जुनी झीज.

३. हेड बसवल्यावर प्रेशर पडण्याची कारणे

ही कारणे मी चार गटांत मांडतो.

पहिला गट, खोटी सूचना. काम करताना प्रेशर स्विचची वायर दबली किंवा तुटली, स्विचवर पाना घसरला, किंवा स्विचच्या आट्यांवर पांढरी टेप इतकी गुंडाळली की त्याला बॉडीची अर्थ मिळेना. इंजिन ठणठणीत, पण काटा चुकीचे सांगतो.

दुसरा गट, ऑइल स्वतः. पातळी कमी किंवा फार जास्त. ग्रेड चुकीचा. नोझल किंवा फीड पंपातून डिझेल उतरून ऑइल पातळ झालेले. गॅस्केट नीट न बसल्याने पुन्हा पाणी मिसळलेले. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढत असेल तर आनंद मानू नका. ऑइल वाढत नसते. त्यात काहीतरी मिसळत असते. वास घेतला तर डिझेल कळते, रंग पाहिला तर पाणी कळते.

तिसरा गट, वरच्या कामातील उणीव. रॉकर शाफ्ट पोकळ असतो. त्यात एका स्टँडमधून ऑइल चढते आणि छिद्रांतून प्रत्येक रॉकरला मिळते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना बुचे असतात. साफसफाईत एक बूच पडले आणि तसेच बसवले, तर ऑइल टोकातून धो धो वाहते आणि प्रेशर तिथेच संपते. रॉकरचे बुश फार झिजलेले असले तरी तसेच होते. शाफ्ट उलटा बसवला तर छिद्रे चुकीच्या बाजूला येतात. काही इंजिनांत वर जाणाऱ्या ऑइलवर लगाम म्हणून बारीक छिद्राचा जेट असतो. तो हरवला की वर गरजेपेक्षा जास्त ऑइल जाते. काही इंजिनांत ऑइल हेडच्या एका ठराविक बोल्टच्या भोवतालच्या जागेतून चढते. त्या जागी दुसरा बोल्ट लागला की वाट बंद. आणि गॅस्केट दुसऱ्या मॉडेलचे असेल तर छिद्राला छिद्र जुळत नाही.

याच गटात कचरा येतो. जुने गॅस्केट खरवडताना त्याचे तुकडे, व्हॉल्व्हचा कार्बन, घासण्याच्या कागदाची वाळू हे सर्व पुशरॉडच्या भोकांतून खाली चेंबरमध्ये जाते. तिथून पंपाच्या जाळीवर. मशीनला लावून फिरवण्याच्या खरखरीत चकत्यांची पूड तर इतकी कठीण असते की जनरल मोटर्सने आपल्या वर्कशॉपना त्याबद्दल लेखी इशारा दिला होता. ती पूड बेअरिंगला कानशीप्रमाणे खाते. सिलिकॉनचा गोंद जाड लावला की त्याचा आत निघालेला पोपडा तुटून जाळीवर बसतो. एखादा कण रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला की तो व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि ऑइल मागच्या मागे चेंबरमध्ये परत जाते.

चौथा गट, खालची झीज. मेन आणि बिग एंड बेअरिंग, कॅमचे बुश, ऑइल पंप. हेड उघडण्यापूर्वीही ती झीज होतीच, पण तेव्हा लक्ष धुराकडे आणि पाण्याकडे होते. वर कॉम्प्रेशन सुधारले की तोच भार थकलेल्या बेअरिंगवर येतो.

४. शोधाचा क्रम: स्वस्ताकडून महागाकडे

लोकसमुदायाला बुरुजाचा दाखला देताना प्रभूने आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितले. इंजिनाच्या बाबतीत तो हिशेब असा. आधी जे फुकट पाहता येते ते पाहावे, मग जे स्वस्त आहे ते, आणि क्रँक उतरवणे सर्वांत शेवटी.

पायरी १. इंजिन बंद करा. दिवा लागला असताना "गॅरेजपर्यंत जाऊ या" हा विचार मनातून काढा. बेअरिंग जळायला काही मिनिटे पुरतात.

पायरी २. डिपस्टिक पाहा. पातळी, रंग, वास, बोटांत दाटपणा. शंका असेल तर ऑइल बदलूनच पुढे जा.

पायरी ३. खरा गेज लावा. स्विच काढून त्या जागी योग्य आट्यांचा नळीचा मेकॅनिकल गेज बसवा. तीन नोंदी कागदावर लिहा: थंड असताना आयडलला, पूर्ण गरम झाल्यावर आयडलला, आणि गरम असतानाच दोन हजार फेऱ्यांना. या तीन आकड्यांशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये.

पायरी ४. आकड्यांची भाषा वाचा.
सुरू केल्यापासूनच शून्य: पंपाने ऑइल धरलेले नाही, जाळीचा पाइप हवा ओढतो, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह पूर्ण उघडा अडकला आहे. इंजिन फिरवत बसू नका.
थंड चांगले, गरम आयडलला फार कमी, रेस दिल्यावर वाढते: कुठेतरी फट जास्त आहे. बेअरिंग, रॉकर शाफ्ट, किंवा पातळ झालेले ऑइल.
रेस देऊनही वाढत नाही, एका जागी थांबते: रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला किंवा त्याची स्प्रिंग मेलेली.
सुरुवातीला चांगले, जास्त रेसवर काही वेळाने पडते: जाळी तुंबली आहे, किंवा हेडमधून ऑइल परत येण्याची वाट बंद होऊन ते वरच साठते आहे.
काटा थरथरतो: पातळी कमी, किंवा ऑइलसोबत हवा येते आहे.

पायरी ५. रॉकर कव्हर काढून आयडलला पाहा. प्रत्येक रॉकरवर ऑइल शांतपणे ओघळले पाहिजे. एखाद्या टोकातून धार येत असेल तर गळती सापडली. एकही रॉकर ओला होत नसेल तर वाट बंद आहे. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि हेडचे काम नुकतेच झालेले असताना हीच सर्वांत उपयोगी.

पायरी ६. फिल्टर काढा. जुन्या फिल्टरचे रबर ब्लॉकला चिकटून वर दुसरे बसले नाही ना, ते पाहा. मग फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. काळे मऊ कण म्हणजे कार्बन. रबरी पोपडे म्हणजे सिलिकॉन. चंदेरी किंवा तांबूस चकाकी म्हणजे बेअरिंग. लोखंडाचा कण चुंबकाला चिकटतो, बेअरिंगचा थर चिकटत नाही.

पायरी ७. रिलीफ व्हॉल्व्ह बाहेरून काढता येत असेल तर काढून धुवा. बैठकीवर ओरखडा आहे का पाहा. पिस्टन बोटाने सहज सरकला पाहिजे.

पायरी ८. येथपर्यंत काही सापडले नाही, किंवा फिल्टरमध्ये चकाकी दिसली, तरच चेंबर उतरवा. जाळी, तिच्या पाइपचे पॅकिंग आणि मग एक-एक बेअरिंग. टोप्यांवर क्रमांक नसतील तर काढण्यापूर्वी खुणा करा. प्रत्येक टोपी आपल्याच जागी आणि आपल्याच दिशेने परत बसली पाहिजे.

५. आमच्या ट्रकवर हा क्रम कसा चालला

उन्हाळ्याच्या शेवटी चिखलदऱ्याच्या चढावर ट्रक तापला व गॅस्केट फुटले. एका गॅरेजमध्ये हेडचे फेसिंग व व्हॉल्व्हचे काम करून घेतले. गाडी परत आली. चौथ्या दिवशी परतवाड्याला पोचताना लाल दिवा लुकलुकला. मृग तोंडावर होता. धारणीकडच्या गावांचे बियाणे व शाळेचे साहित्य पाऊस लागण्यापूर्वी पोचवायचे होते. दोन सल्ले मिळाले. एक म्हणाला, जाड ऑइल टाका आणि चालवा. दुसरा म्हणाला, फुल इंजिन करा. पहिल्यात रस्त्यात गाडी बंद पडण्याचा धोका होता. दुसऱ्यात वर्षभराचा वाहनखर्च एकदम गेला असता.

आपले वयस्क मिस्त्रीकाका, ज्यांच्याकडे आपली मुले शिकतात, ते गाडीजवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, काटा पडला म्हंजे इंजिन गेलं असं नाही. आधी काट्यालेच इचारू."

गाडी उभी केली. बियाणे भाड्याच्या जीपने पाठवले. मेकॅनिकल गेज लावला. थंड आयडलला ३ किलो, गरम आयडलला ०.४, दोन हजार फेऱ्यांना १.८. म्हणजे काटा खरे सांगत होता, आणि रेस दिल्यावर प्रेशर वाढत होते. फट शोधायची होती. रॉकर कव्हर उघडताच शाफ्टच्या मागच्या टोकातून बोटाएवढी धार दिसली. बूच नव्हते. नवे बूच बसवले, ऑइल बदलले, पुन्हा तीन नोंदी घेतल्या. गरम आयडल ०.८, दोन हजारांना २.६.

आता दिवा लागत नव्हता. येथेच थांबण्याचा मोह होतो. मात्र या इंजिनाच्या पुस्तकातील किमान आकडा अजून वर होता. शिकणाऱ्या मुलांपैकी एकाने काकांना विचारले, "दादाजी, दिवा तर विझला, मग?" काका म्हणाले, "दिवा विझला, रोग कुठं विझला? फिल्टर काप." कापलेल्या फिल्टरच्या घड्यांत तांबूस चकाकी होती.

चेंबर उतरवला. जाळीच्या एका कोपऱ्यावर सिलिकॉनचे पोपडे होते. बिग एंड बेअरिंगच्या वरच्या शेलवर राखाडी थर जाऊन आतला तांब्याचा रंग दिसत होता. पाणी मिसळलेल्या ऑइलचा तो परिणाम. क्रँकची मापे मायक्रोमीटरने घेतली. ती मर्यादेत होती, क्रँक घासण्याची गरज पडली नाही. त्याच मापाचे नवे बेअरिंग सेट टाकले, जाळी धुतली, पंपाची फट तपासली. शेवटच्या नोंदी: गरम आयडल १.४, दोन हजारांना ३.८.

गाडी नऊ दिवस उभी राहिली. फुल इंजिनच्या तुलनेत खर्च फारच थोडा झाला. पहिल्या दुरुस्तीनंतर थांबलो असतो तर उरलेले बेअरिंग भर पावसात, बहुधा सेमाडोहच्या पुढे, बोलले असते. त्या पावसाळ्यात ट्रकने रात्रीच्या वेळी तीन रुग्ण परतवाड्याला आणले.

६. तीन खोटे उपाय

जाड ऑइल. त्याने काटा थोडा वर येतो, पण फट तेवढीच राहते. थंड इंजिनात ते ऑइल रॉकरपर्यंत उशिरा पोचते. पुस्तकातील ग्रेडच वापरावा.

रिलीफ स्प्रिंगखाली वॉशर. हा उपाय फार लोकप्रिय आहे. जरा विचार करा. रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो तो प्रेशर चार-पाच किलोंच्या आसपास गेल्यावर. गरम आयडलला प्रेशर अर्धा किलो असताना तो बंदच असतो. बंद दाराला आणखी कडी लावून घरातली गळती कशी थांबेल? उलट थंडीच्या सकाळी प्रेशर मर्यादेबाहेर जाऊन फिल्टर फुटू शकतो.

दिव्याची वायर काढणे. असे केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या गाडीत आपली मुले बसतात, एवढेच येथे म्हणतो.

७. हेड बसवतानाच घ्यायची काळजी

टाटांचे (तेव्हाच्या टेल्कोचे) ट्रक १९५४ मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेंझशी झालेल्या करारानुसार जमशेदपूरला बनू लागले. तेव्हापासून आपल्या भागातील मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या या इंजिनांवर घडल्या. इंजिनाचे नाव वाचायलाही त्यांनीच शिकवले. ४९७ म्हणजे ४ सिलेंडर व ९७ मिलीमीटर बोअर, ६९७ म्हणजे ६ सिलेंडर व तोच बोअर. पार्ट घेताना हे आकडे दुकानदाराला नेमके सांगावेत. चुकीच्या गॅस्केटचे निम्मे घोटाळे तेथेच टळतात. जुने गॅस्केट सोबत नेऊन नव्यावर ठेवून प्रत्येक छिद्र जुळवून घ्यावे.

हेड खरवडताना ब्लॉकची सर्व भोके स्वच्छ कापडाने बंद करावीत. कापडे मोजून ठेवावीत व मोजून काढावीत. खरखरीत चकती न वापरता पातीने खरवडावे. सिलिकॉन लागेल तेथेच, दोऱ्याएवढा. रॉकर शाफ्ट उतरवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा, बुचे व जेट एका डबीत ठेवावेत. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, सांगितलेल्या क्रमाने. नवा फिल्टर उभा बसत असेल तर ऑइलने भरून बसवावा. पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद ठेवून सेल्फने थोडे थोडे फिरवावे, काटा हलल्यावरच सुरू करावे.

पाणी ऑइलमध्ये गेले होते असे कळले, तर मिस्त्रीला स्पष्ट सांगा: चेंबरही उतरवा आणि निदान दोन बेअरिंग दाखवा. आणि रेडिएटरमध्ये खारपाणपट्ट्यातील बोअरचे पाणी पुन्हा घालू नका. तयार कूलंट, किंवा कूलंट व डिस्टिल्ड पाणी सांगितलेल्या प्रमाणात. वर्षाला लागणारी ती एक-दोन कॅन हेडच्या एका कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

तरुण संघात चर्चेसाठी प्रश्न

१. ऑइल पंप चांगला असूनही प्रेशर कमी का दिसू शकते? पाइप व अंगठ्याच्या उदाहरणाने सांगा.
२. थंड आयडल ३ किलो, गरम आयडल ०.५, रेस दिल्यावर २. प्रथम काय उघडाल, आणि का?
३. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढली. दोन कारणे व ती ओळखण्याची रीत सांगा.
४. गरम आयडलचे प्रेशर कमी असताना रिलीफ स्प्रिंगखाली वॉशर घालून उपयोग का होत नाही?
५. आपल्या मंडळीतील प्रत्येक वाहनमालकाने गेजच्या तीन नोंदी घेऊन वहीत लिहाव्यात. सहा महिन्यांनी पुन्हा घ्याव्यात. फरक किती?

ज्यांना तीन नोंदी घेण्यासाठी गेज हवा असेल त्यांनी आपल्या केंद्रात यावे. मुले आनंदाने लावून देतील, आणि त्यांचाही सराव होईल. पावसाळी फेऱ्यांसाठी व चालकांच्या सुरक्षिततेसाठी प्रार्थनेत आठवण ठेवावी.